खिशातले ग्रंथालय

आमच्या महाविद्यालयाचे ग्रंथालय सायंकाळी पाच वाजता बंद होते. दारावर तशी पाटी आहे, आणि ती पाटी मी गेली कित्येक वर्षे येता-जाता पाहत आलो आहे. तिच्यात काही खटकण्यासारखे आहे असे मला कधी वाटले नव्हते. पण तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या वर्षाच्या वर्गातल्या एका मुलीने मला त्या पाटीकडे नव्याने पाहावयास लावले.

ही मुलगी तीस किलोमीटरांवरच्या एका खेड्यातून एस.टी.ने येत असे. शेवटचा तास साडेतीनला सुटे आणि तिच्या गावची गाडी पावणेचारला निघे. त्यानंतरची गाडी साडेसहाची. ती पोचेपर्यंत काळोख व्हायचा, म्हणून त्या गाडीला घरून परवानगी नव्हती. तेव्हा ग्रंथालयासाठी तिच्या वाट्याला येत ती मधली पंधरा मिनिटे, आणि तीही देवघेवीच्या खिडकीपुढे रांगेत उभे राहण्यात जात. भाषाविज्ञानावरचा एक संदर्भग्रंथ मी वर्गात सुचविला होता. एके दिवशी ती मला व्हरांड्यात गाठून म्हणाली, "सर, त्या पुस्तकासाठी मी तीनदा रांगेत उभी राहिले. तिन्ही वेळा पुस्तक बाहेर गेलेलं. परवा तर गाडीच चुकली, आणि घरी बोलणी बसली ती वेगळीच. पुस्तक घरी पाठवा असं म्हणत नाही मी. पण ते आहे की नाही, एवढं तरी घरून कळेल का?"

मी म्हणालो, "बघू." प्राध्यापकांचे 'बघू' म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना पुरते ठाऊक असते. ती 'बरं सर' म्हणून गाडीकडे धावली.

पण प्रश्न माझ्या मनातून जाईना. तिच्या हातात मोबाइल होता. त्याच मोबाइलवर तिला परीक्षेचा निकाल कळत होता, वडिलांना कांद्याचा भाव कळत होता, गॅसच्या टाकीची नोंद करता येत होती. कळत नव्हते ते एवढेच की, ज्या महाविद्यालयात ती रोज येते तिथल्या कपाटात एक पुस्तक जागेवर आहे की नाही. श्रोतेहो, ग्रंथालयांनी आपली सेवा मोबाइलवर आणावी, असे हल्ली सर्वत्र बोलले जाते. ती आणावी म्हणजे नेमके काय करावे, आणि कोणासाठी करावे, याविषयी मला आज आपल्याशी थोडे बोलावयाचे आहे. मी काही ग्रंथालयशास्त्राचा पंडित नव्हे. जे सांगणार आहे ते बरेचसे चुकून शिकलेले आहे.

प्रथम एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे, की वाचकाने ग्रंथालयाकडे यावे तसे ग्रंथालयानेही वाचकाकडे जावे, हा विचार नवा नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून आणले आणि आपल्या संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणावयास घेतले. त्या योजनेत फिरत्या पेट्या होत्या. निवडक पुस्तकांनी भरलेली लाकडी पेटी गावी जाई, गावातला एखादा जबाबदार माणूस ती ताब्यात घेई, पुस्तके लोकांत फिरवी, आणि वाचून झाली की पेटी परत जाऊन दुसरी येई. पुढे १९३१ साली तमिळ मुलखात मन्नारगुडीच्या परिसरात बैलगाडीतून पुस्तके गावोगाव नेण्यास आरंभ झाला. त्याच वर्षी डॉ. रंगनाथन यांचा ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातले चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचविण्याविषयी आहे. रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक. वाचकाची पंधरा मिनिटे म्हणजे किती, याचा हिशेब त्यांना बरोबर कळला असला पाहिजे.

पेटी झाली, बैलगाडी झाली, मोटारही झाली. आता वाहन कोणते, तर वाचकाच्या खिशातला मोबाइल. वाहन बदलले तरी धर्म तोच राहिला पाहिजे, की ज्याला येता येत नाही त्याच्यापर्यंत पोचायचे. हे वाक्य बोलायला सोपे आहे. आम्ही ते कसे विसरलो तेही सांगतो.

आमच्याकडे रीतसर समिती नेमली गेली आणि मी तिचा सभासद होतो. ग्रंथालय मोबाइलवर आणायचे म्हणजे स्वतःचे 'ॲप' पाहिजे, असे सर्वांचे मत पडले. एका पुरवठादाराकडून ॲप करून घेतले. नारळ फुटला, भाषणे झाली. ॲप उघडले की पहिल्यांदा इमारतीचे छायाचित्र येई, मग पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे, मग संस्थेचा इतिहास, आणि तिथून पुढे गेल्यास पुस्तकांची यादी. ती यादी म्हणजे छापील यादीचीच एक अजस्र फाइल होती. सभागृहात, वायफायवर, एका सभासदाच्या नव्याकोऱ्या मोबाइलवर ते ॲप आम्ही चालवून पाहिले. उत्तम चालले. आम्ही एकमेकांचे अभिनंदन केले.

आठवड्याने मी मोठ्या उत्साहाने त्या मुलीला विचारले, "मग? मिळालं का पुस्तक?" ती जरा संकोचून म्हणाली, "सर, ॲप डाउनलोडच होत नाही. मोबाइलमध्ये जागा नाही म्हणतो." तिचा मोबाइल म्हणजे थोरल्या भावाने वापरून टाकलेला. त्याची काच तडकलेली, आणि जी काही जागा होती ती मैत्रिणींकडून घेतलेल्या टिपणांच्या फोटोंनी भरलेली. ते फोटो पुसले असते तर ॲप बसले असते, पण अभ्यास गेला असता. शिवाय घरात रेंज येत नाही, अंगणात चिंचेखाली उभे राहावे लागते. तिथे उभे राहून ती अजस्र फाइल उतरवून घेणे अशक्यच. ज्या प्रश्नातून हे सारे निघाले तो प्रश्न विचारणारीच बाहेर राहिली होती. तिच्या मोबाइलवर चालते का, हे पाहण्याची बुद्धी आम्हां सातजणांपैकी एकालाही झाली नव्हती. समितीत सर्वांत जास्त बोलणारा मी, म्हणून दोषाचा मोठा वाटाही माझाच.

खाली मान घालून मी आमच्या ग्रंथपालबाईंकडे गेलो. त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, समितीत मला कोणी विचारलंच नाही." हे खरे होते. मग त्यांनी मला जे समजावून सांगितले ते असे.

वाचकाला बहुतेक वेळा ॲप नकोच असते. मोबाइलच्या रुंदीत नीट बसेल असे एक हलके पान पुरे. त्यावर पहिलीच चौकट शोधाची. नाव टाका, लेखक टाका. पुस्तक आहे की बाहेर गेले आहे, बाहेर असेल तर कधी परत येईल, एवढे दिसले पाहिजे. मग माझ्यासाठी राखून ठेवा, मुदत वाढवून द्या, या दोन सोयी. आणि पुस्तक आले की साधा एस.एम.एस., म्हणजे इंटरनेट नसले तरी बटणांच्या जुन्या मोबाइलवरही पोचणारा. बस्स, झाले मोबाइलवरचे ग्रंथालय. यासाठी लागणारी संगणकप्रणाली लाखो रुपये मोजून घ्यावी लागते असेही नाही. 'कोहा' नावाची एक प्रणाली फुकट मिळते. न्यूझीलंडमधल्या एका प्रादेशिक ग्रंथालय संस्थेची जुनी प्रणाली २००० साल उजाडताच बंद पडेल अशी भीती होती. म्हणून त्यांनी नवी करून घेतली आणि ती सगळ्या जगाला खुली करून दिली. माओरी भाषेत 'कोहा' म्हणजे भेट. आपल्याकडे अनेक ग्रंथालये ती वापरतात.

"मग अडचण काय?" मी विचारले.

"अडचण आपल्या यादीत आहे," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी संगणक माझ्याकडे वळविला.

श्रोतेहो, इथे मला मोबाइलपेक्षा जुना आणि मोबाइलपेक्षा मोठा प्रश्न दिसला. आमच्या मराठी पुस्तकांच्या नोंदी वीस-बावीस वर्षांपूर्वी कोणा एका जुन्या फॉन्टमध्ये टंकित केलेल्या होत्या. तो फॉन्ट ज्या संगणकावर आहे तिथे अक्षरे मराठी दिसत. दुसरीकडे नेली की त्यांचे चिन्हांचे कडबोळे होई. अक्षरांना सर्व जगाने मान्य केलेले क्रमांक देणारी युनिकोड पद्धत तेव्हाही होती, पण ती आमच्यापर्यंत पोचली नव्हती. काही नोंदी तर रोमन लिपीत. तिथे आणखी गंमत. 'श्यामची आई' एकाने एस-एच-वाय-ए-एम असे लिहिलेले, दुसऱ्याने एस-एच-ए-एम असे. म्हणजे साने गुरुजींचे पुस्तक कपाटात समोर उभे, आणि शोधणाऱ्याला उत्तर मिळते, 'असे पुस्तक नाही'. देवनागरीतही तीच तऱ्हा. ना. सी. फडके, फडके ना. सी. आणि नारायण सीताराम फडके असे तीन लेखक आमच्या यादीत गुण्यागोविंदाने नांदत होते. अशी यादी कितीही देखण्या ॲपमध्ये घाला, ती मुकीच राहणार.

म्हणून मग खरे काम सुरू झाले. त्यात नारळ फोडण्यासारखे काही नव्हते. जुन्या फॉन्टमधली अक्षरे युनिकोडमध्ये पालटून देणारी साधने मिळतात, पण रफार उडतो, जोडाक्षरे फुटतात, ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. ते माणसानेच डोळ्यांखालून घालावे लागते. सुट्टीत काही विद्यार्थी बसले. आमच्या एस.टी.वाल्या मुलीला थांबता येत नव्हते. ती बाईंना म्हणाली, "मला घरी पाठवा ना थोड्या नोंदी." मग रोज पन्नास नोंदी तिच्या मोबाइलवर जात आणि रात्री दुरुस्त होऊन परत येत. एकदा तिने मलाच विचारले, "सर, 'दुर्गेशनंदिनी' की 'दुर्गेशनंदीनी'?" मी उत्तर दिले, आणि मनात म्हटले की, भाषाविज्ञानाच्या माझ्या तासापेक्षा हा तास बरा.

नवे पान तयार झाले तेव्हा पहिल्या वर्षातला एक विद्यार्थी मी मुद्दाम बोलावला. तो दृष्टिहीन आहे. मोबाइलच्या पडद्यावर जे असेल ते बोलून दाखविणारी सोय हल्लीच्या मोबाइलमध्ये असते. ती तो सराईतपणे वापरतो. मी त्याला आधी आमचे जुने ॲप दिले. त्याने पडद्यावरून बोट फिरविले आणि मोबाइल बोलू लागला, "बटण. बटण. बटण. बटण." तो हसून म्हणाला, "सर, बटणं पुष्कळ आहेत, पण एकाचंही बारसं झालेलं नाही." बटण करताना त्याच्यामागे नाव लिहून ठेवायचे असते. डोळस माणसाला ते दिसत नाही, म्हणून करणारा ते लिहायला विसरतो. नव्या पानावर ती नावे बाईंनी लिहवून घेतली. तिथे तोच मोबाइल म्हणाला, "शोधा. राखून ठेवा. मुदत वाढवा." त्या मुलाने स्वतःच्या हाताने, कोणाची मदत न घेता, आयुष्यात पहिल्यांदा आपल्या नावावर एक पुस्तक राखून ठेवले. काही मिनिटांचेच काम, पण मी तिथून लवकर हलू शकलो नाही.

त्यानेच मला आणखी एक धडा दिला. आपण पुस्तकाच्या पानांचे फोटो काढतो आणि म्हणतो, पुस्तक मोबाइलवर आले. पण फोटो म्हणजे चित्र, त्यात मोबाइलला अक्षर दिसत नाही. ते वाचून दाखविता येत नाही, त्यात शब्द शोधता येत नाही, आणि मोठ्या पानाचे चित्र तळहाताएवढ्या पडद्यावर वाचताना डोळस माणसालाही ओळीमागे डावीउजवीकडे धावावे लागते. मजकूर जर खरोखर मजकूर म्हणून असेल, तर अक्षर मोठे करताच ओळी आपोआप मोडून पडद्यात बसतात. म्हणजे जे अंधाच्या सोयीचे, तेच चाळिशी लागलेल्या माझ्याही सोयीचे. मुद्रित मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तकाची सुलभ प्रत करण्यास आपल्या कॉपीराइट कायद्याने २०१२ च्या दुरुस्तीपासून मुभा दिलेली आहे. याच हेतूचा माराकेशचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली झाला, आणि तो सर्वांत आधी मान्य करणारा देश आपला भारत. २०१६ मध्ये सुरू झालेले 'सुगम्य पुस्तकालय' हे याच कामासाठी आहे. पण कायदा झाला म्हणून मराठी पुस्तकाची प्रत आपोआप होत नाही. ती कोणीतरी बसून करावी लागते.

आता कोणी विचारील, मोबाइलवर प्रत्यक्ष वाचावयास काय मिळते? मराठी विश्वकोश मिळतो. डॉ. केतकरांचा ज्ञानकोश मिळतो. मोल्सवर्थचा कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कोणालाही शोधता येतो. खरगपूरच्या आय.आय.टी.ने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ साली देशाला अर्पण झाले. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची 'एन-लिस्ट' योजना आहे. आपल्या महाविद्यालयाने तिचे सभासदत्व घेतले असेल, तर घरबसल्या नियतकालिके आणि ग्रंथ उघडता येतात. दुःख असे की, हे सभासदत्व असूनही प्रवेशाचे नाव आणि परवलीचा शब्द मागायला ग्रंथपालाकडे फारसे कोणी जात नाही. जे आहे ते माहीत नसणे, हाही ग्रंथालय बंद असण्याचाच एक प्रकार आहे.

मात्र सर्व पुस्तके मोबाइलवर आणा, असे कोणी म्हणू लागले तर त्याला थांबविले पाहिजे. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या लेखनावर हक्क राहतो. हरिभाऊ आपट्यांची कादंबरी खुशाल चढवा, पण गेल्या वर्षी निघालेल्या पुस्तकाची फाइल गटागटांतून फिरविणे म्हणजे लेखकाच्या आणि प्रकाशकाच्या ताटातला घास उचलणे होय. मराठी प्रकाशकाचा धंदा केवढा, हे आपण जाणतो. हक्काचे पुस्तक कपाटातच राहू द्या. ते कपाटात आहे, एवढा निरोप वाचकाला पोचवा. त्या मुलीने तेवढेच मागितले होते.

आणखी दोन गोष्टी. अनेक घरांत मोबाइल एकच असतो, आणि तो दिवसभर वडिलांबरोबर शेतावर किंवा कामावर जातो. काही घरांत तोही नाही. तेव्हा मोबाइल आला म्हणून खिडकीवरचा माणूस काढून टाकणे, छापील यादी अडगळीत टाकणे, हा अन्याय होईल. नवी वाट उघडताना जुनी बुजवू नये. दुसरी गोष्ट वाचकाच्या खाजगीपणाची. कोणी काय वाचतो हे ग्रंथपाल कोणाला सांगत नाही, हा त्या पेशाचा धर्म आहे. पुस्तक शोधून देण्यासाठी एखादे ॲप आपले सगळे संपर्क आणि छायाचित्रे पाहू मागत असेल, तर त्याला सरळ 'नाही' म्हणावे. पुस्तक आल्याचा निरोप घरच्या सामाईक मोबाइलवर जात असेल, तर त्यात पुस्तकाचे नावसुद्धा घालू नये. 'आपण राखलेले पुस्तक आले आहे' एवढे पुरे. ही सूचना बाईंची. मला ती सुचली नसती.

हे ऐकून एखाद्या गावातल्या वाचनालयाचे कार्यवाह म्हणतील, आमच्याकडे ना संगणक, ना माणूस, आम्ही काय करावे? महाराष्ट्रात १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड अशा वर्गांत मोडणारी हजारो शासनमान्य ग्रंथालये आहेत, आणि त्यांपैकी बहुतेक लहान आहेत. त्यांना माझे सांगणे एवढेच की, ॲपच्या मागे लागू नका. वाचनालयाच्या नावाचा एक मोबाइल क्रमांक घ्या आणि तो दारावर ठळक अक्षरांत लिहा. रोज एक ठराविक तास त्यावर उत्तर द्या. नव्या पुस्तकांची यादी युनिकोडमध्ये टंकित करून सभासदांना पाठवा. फोटो काढून पाठवू नका. एवढे केले तरी ती बडोद्याची पेटीच आहे असे समजा. आणि काहीही नवे केलेत, की ते गावातल्या सर्वांत जुन्या मोबाइलवर, जिथे रेंज सर्वांत कमी तिथे उभे राहून, एकदा चालवून पाहा. आमच्या समितीने हे केले असते तर एक वर्ष वाचले असते.

ती मुलगी पुढे पदवीधर झाली. शेवटच्या वर्षी एकदा पावणेचारच्या गाडीआधी मी तिला ग्रंथालयात पाहिले. रांग नेहमीसारखीच होती. ती रांगेत उभी राहिली नाही. खिडकीच्या बाजूला राखीव पुस्तकांचे एक छोटे फडताळ बाईंनी करून घेतले आहे. तिथून तिने आपल्या नावाची चिठ्ठी लावलेले पुस्तक घेतले, सही केली, आणि घड्याळ पाहिले. अजून अकरा मिनिटे होती. मला वाटले, आता ती गाडीकडे जाईल. पण ती वाचनकक्षात गेली, खिडकीजवळच्या बाकावर बसली, आणि तिने पुस्तक उघडले.

दारावरची पाटी अजून तीच आहे.